वीस हंड्रेडवेट

१२ जानेवारी १९५५

ट्रॅक्टर आला! मला वाटलं होतं हत्तीएवढा असेल, हा तर रेड्याएवढाच. लाल रंग. मागची चाकं लोखंडी, त्यांना वीतभर दाते. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मला म्हणाल्या, "तू लांब उभी राहा. चांगल्या कामावर तुझी सावली नको." लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. तेव्हा सावलीसुद्धा वाईट!

हे मात्र खुशीत. लढाईच्या वर्षांत लष्कराच्या छावणीला गवत पुरवून ह्यांनी तीन ठिकाणी जमिनी घेतल्या — आंबिवलीला, टिटवाळ्याला आणि कळव्याच्या पलीकडे. तिन्हीकडे कुळं. आता कायदा असा की जमीन स्वतः कसतो असं दाखवलं तरच कुळाला काढता येतं. ह्यांना बैलाचा कासरा धरता येत नाही. म्हणून ट्रॅक्टर.

सोबत इंग्रजी पुस्तक आलं. "वाच," म्हणाले. वाचलं. वजन दोन हजार नऊशे पौंड. म्हणजे सव्वा टनाच्या वर. माझे वडील, नाना, कल्याणच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. मी लहानपणी पाढ्यांच्या आधी पौंड-टन शिकले. पण हे विचारतील तेवढंच सांगायचं. जास्त सांगितलं की, "फार शहाणी झालीस?"


१३ जानेवारी

ट्रॅक्टर शेतापर्यंत न्यायचा कसा? ह्याचा विचार कुणी केलाच नव्हता! लोखंडी चाकांनी डांबर उखडतं, म्हणून मोठ्या रस्त्यावरून चालवायचा नाही, असं विकणाऱ्याने बजावलं आहे.

मग आमच्या जुन्या लॉरीत चढवायचं ठरलं. दोन फळ्या लावल्या. नाथा ट्रॅक्टरवर बसला. नाथा आमचा ड्रायव्हर, डोंबिवलीजवळच्या कोपरचा आगरी. बाप मिठागरात राबून गेला, हा छावणीत लॉरी शिकला. पुढची चाकं फळीवर चढली आणि कडाड! नाथाने उडी मारली म्हणून वाचला. हे धावले ते ट्रॅक्टरकडे. कुठे खरचटलं का बघत होते. नाथाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी त्याला पाणी दिलं. "हात कापतो हाय वयनी," म्हणाला आणि स्वतःच हसला.

आता ट्रेलर शोधायचा. बुटका, लॉरीमागे जोडायचा.


१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सासूबाई म्हणाल्या, "तिला नका देऊ वाण. वाया जाईल." सगळ्या हसल्या. मीही हसले. का हसले?


१९ जानेवारी

ठाण्याला ट्रेलर बघायला गेलो. हे, नाथा आणि मी — कागद वाचायला.

कारखान्याच्या आवारात उभा होता. चार चाकं, रबरी टायर, तळाला सागाच्या जाड फळ्या, मागचं फळकूट खाली पाडलं की तोच उतरता पूल. आणि चारही चाकांना ब्रेक. नाथा त्याच्याखाली शिरला, बाहेर आला तो हरखून. "सायेब, यो घ्या. डोला मिटून घ्या."

तिथेच बिघडलं. ह्यांचा चेहरा बदलला. परत येताना म्हणाले, "ड्रायव्हर मला शिकवणार काय घ्यायचं ते? आता हा तर नाहीच घेणार."

महागही होताच. पण महाग म्हणून सोडला नाही. नाथाला आवडला म्हणून सोडला.


२३ जानेवारी

डोंबिवलीला विठ्ठल सुतार म्हणून म्हातारा आहे. मोडक्या लॉरीचा आस, दोन चाकांमधला दांडा, घेऊन त्याने बैलगाडीसारखा साटा बांधला होता. "वजन घेतो का बघू," म्हणून ह्यांनी त्याला दगड भरायला लावले. म्हातारा आणि त्याची सून सकाळपासून तीनपर्यंत दगड वाहत होती. साटा भरला. मग ह्यांनी एक लाथ मारली, साटा हलला. "छान आहे. तुझ्या तिरडीला ठेव," म्हणाले आणि हसत लॉरीत बसले.

घरी येऊन जेवताना ही गोष्ट सासूबाईंना दोनदा सांगितली. दोनदा हसले.


२८ जानेवारी

आजचं लिहू की नको? लिहिते. दुपारी सासूबाई झोपल्या आहेत.

कल्याणलाच, छावणीच्या बाजूला लढाईतलं जुनं सामान विकणारा एक वखारवाला आहे. तिथे हिरव्या रंगाचा लष्करी ट्रेलर. दोन चाकं. ब्रेक नाही. दिसायला मात्र ऐटबाज! ह्यांना बघताक्षणी पसंत. वखारीतला मिस्त्री, दगडू नावाचा, म्हणाला, किती वजन घेतो ते खालच्या पितळी पाटीवर आहे, पण इंग्रजीत.

"जा," हे मला म्हणाले.

"कुठे?"

"खाली. वाच."

खाली चिखल. तेल आणि चिखल. आसपास आठ-दहा माणसं. मी म्हटलं, कुणाला तरी पाटी काढायला सांगा. ह्यांनी दंडाला धरून वाकवलं. मी गुडघ्यांवर, मग पोटावर. पाटीवर चिखल होता. "पदराने पूस!" पुसली.

LOAD 20 CWT.

"वीस हंड्रेडवेट," मी खालूनच सांगितलं. आणखी सांगणार होते, तर वरून ह्यांचा आवाज — "हिला मूल होत नाही, पण पाटी वाचता येते बघा!" सगळे हसले. दगडू नाही हसला. नाथा पाठ करून उभा होता.

मी बाहेर आले तेव्हा माझ्या पदरावर पाटीची अक्षरं उलटी उमटली होती. ह्यांनी विचारलंच नाही वीस हंड्रेडवेट म्हणजे किती. विचार करून घेईन म्हणाले आणि निघालो.

ते लुगडं धुतलं. डाग गेला नाही.


३१ जानेवारी

नाथाने निरोप आणला. नाना आजारी. छातीत कफ, ताप उतरत नाही. ते राहतात कुठे? स्टेशनाजवळ. आमच्या दारापासून चालत वीस मिनिटं!

ह्यांना विचारलं. "ट्रेलरचं ठरू दे, मग जा." ट्रेलरचा आणि नानांचा काय संबंध? सासूबाई म्हणाल्या, "गेली की चार दिवस बसेल. इथलं कोण करील?"


१ फेब्रुवारी

पुन्हा विचारलं. पायांवर डोकं ठेवून. "रडगाणं नको," म्हणाले. दाराला बाहेरून कडी लावून गेले.


३ फेब्रुवारी

नाना गेले. सकाळी आठ वाजता. मला दुपारी एकला कळलं. नाथाने सांगितलं, खिडकीतून. काल संध्याकाळी काम संपल्यावर तो आपणहून गेला होता, त्यांच्याजवळ बसला, तोंडात पाणी घातलं. "तुमचाच नाव घेत व्हते," म्हणाला.

मला स्मशानातून सगळे परतल्यावर नेलं. खोलीत शेजाऱ्यांनी दिवा लावून ठेवला होता. अर्धा तास. हे बाहेर लॉरीचा भोंगा वाजवत होते.


६ फेब्रुवारी

आज जेवताना ह्यांनी विचारलं, "ते हंड्रेडवेट म्हणजे काय असतं ग? वीस म्हणजे किती टन?"

मी भात वाढत होते. हात थांबला नाही, हे मला आठवतं.

वीस हंड्रेडवेट म्हणजे एक टन. मला सात वर्षांची असल्यापासून येतं. नाना मला मालधक्क्यावर काट्याजवळ उभं करून विचारायचे.

"दोन टन," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं तर! ट्रॅक्टर सव्वा टन. आरामात जाईल." ताक मागितलं. दिलं.

लॉरी आता हे कुणाच्या हाती देत नाहीत. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना स्वतः चालवत गावातून मिरवायचं असतं. नाथाने आगगाडीने पुढे जायचं, शेतावर थांबायचं, असं ठरलं आहे. म्हणजे लॉरीत हे एकटेच असणार.

हे सगळं मी भात वाढता वाढता मनाशी जुळवलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला असं म्हणता येणार नाही की चुकून झालं.


७ फेब्रुवारी

नाथा मागच्या दाराशी आला. "वयनी, तुमी सांगा सायबांना. यो टेलर नाय घेवाचा. दोन चाकां, बिरेक नाय. उतारावर मागशी लॉरीला ढकलील. आस बारीक हाय त्याचा, मी बघितला."

"माझं कोण ऐकतं?" मी म्हटलं. खरंच आहे ते. पण आज ते खरं मला सोयीचं होतं.


१० फेब्रुवारी

ट्रेलर आणला. हे सकाळी एकटेच वखारीत गेले होते. परत आले. जेवले, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, पदर सरकला की काय.


१५ फेब्रुवारी

पहिली खेप, आंबिवलीला. ट्रॅक्टर चढवला, दोरखंडांनी बांधला. ट्रेलर इतका दबला की टायर पसरले. सासूबाईंनी लिंबू उतरून टाकलं.

मी दिवसभर दाराचा कानोसा घेत होते. पाचला लॉरीचा आवाज. आले.


१७ फेब्रुवारी

आंबिवली. आले.


२१ फेब्रुवारी

टिटवाळा. उशीर झाला. मला भीती वाटत होती की आनंद, सांगता येत नाही. साडेसहाला आले. "वाढ," म्हणाले.


२६ फेब्रुवारी

आज कागद वाचायला मलाही नेलं, टिटवाळ्याला. पंच, तलाठी येणार होते. रस्ता सगळा सपाट, तरी हे इतकं सावकाश चालवत होते की बैलगाड्या पुढे जात होत्या. भोंगासुद्धा वाजवला नाही. मला नवल वाटलं, ह्यांना कधीपासून सबुरी आली?

शेतावर भिवा नावाचं कूळ. भाताच्या मागून त्याने वाल केला होता. शेंगा भरत आलेल्या, आणखी दोन आठवड्यांत निघाल्या असत्या. भिवा हात जोडून तेवढंच मागत होता. दोन आठवडे.

"चालव," हे नाथाला म्हणाले.

नाथाने दोन हात चालवला. मग भिवाची बायको आवडाबाई पुढे आली आणि मातीत बसली. फतकल मारून, अगदी ट्रॅक्टरच्या नाकासमोर. "ने! माजे आंगावर्शी ने!"

नाथाने इंजिन बंद केलं. खाली उतरला. "माज्यानं नाय व्हवाचा सायेब."

ह्यांनी त्याच्या कानशिलात मारली. सगळ्यांसमोर. मग स्वतः चढले. इंजिन सुरू केलं आणि चालवला. थांबवला नाही! आवडाबाईला भिवाने केसांना धरून मागे ओढलं. तिचा एक पाय दात्यांपासून वीतभरच लांब राहिला असेल. वाल उलथून मातीत गेला, हिरव्या शेंगांसकट. तलाठी दुसरीकडे बघत विडी ओढत होता.

परत येताना मी ह्यांच्या शेजारी लॉरीत. मागे ट्रेलर. मनात म्हटलं, आता मोडला तर मीही जाईन. चालेल.

मोडला नाही.


३ मार्च

नाथाला काढलं नाही. मला वाटलं होतं काढतील. हे हसून त्याला म्हणाले, "झालं गेलं विसर." हे आणि विसरणार?


९ मार्च

आंबिवली. आले.


१४ मार्च

आंबिवली. आले. मला आता वाट बघायचा कंटाळा आला आहे. एवढं खोटं बोलले, तेही फुकट गेलं! ट्रेलर माझ्यापेक्षा सोशीक निघाला.


२१ मार्च

क्रमाने लिहिते.

आज पहिल्यांदा कळव्याच्या पलीकडच्या जमिनीवर न्यायचं होतं. लांबचा रस्ता, शीळवरून, आणि मुंब्र्याच्या अलीकडे उतार. सकाळी सातला ट्रॅक्टर बांधून तयार. हे चहा प्यायले आणि पोट धरून बसले. "कळ येते आहे. नाथा, तू घेऊन जा आज लॉरी."

नाथा खूश झाला. किती दिवसांनी लॉरी हाती आली होती.

मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत आले. मला सगळं दिसत होतं — उतार, दोन चाकं, बारीक आस. एक शब्द पुरला असता. "थांब." नाहीतर, "एक टन." ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या, पलंगावर हे. काय सांगणार? मी खोटं बोलले म्हणून? तुम्हाला मारायला, ह्याला नव्हे?

"नाथा," मी हाक मारली. तो वळला.

"सावकाश जा."

"व्हय वयनी."

एवढंच. मी एवढंच बोलले.

लॉरी गेल्यावर ह्यांची कळ थांबली. दोन पोळ्या खाल्ल्या.


२१ मार्च, दुपार

अडीच वाजता एक सायकलवाला आला. उतारावर ट्रेलरचा आस मोडला. ट्रेलर आडवा झाला, त्याने लॉरीला ओढत खड्ड्यात नेलं. ट्रॅक्टर दोर तोडून केबिनवर आला. नाथा जिवंत आहे. पाय ट्रॅक्टरखाली होता, दोन तास. माणसं गोळा करून उचलला. ठाण्याला इस्पितळात नेलं.

ह्यांनी पहिलं विचारलं — "ट्रॅक्टर?"


२३ मार्च

नाथाचा उजवा पाय कापला. मांडीपासून.


२४ मार्च

नानांच्या तोंडात पाणी घालणारा माणूस तो. आणि मी.


२८ मार्च

आज ह्यांना सांगितलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. सरळ उभी राहिले आणि सांगितलं — वीस हंड्रेडवेट म्हणजे एकच टन, दोन टन मी मुद्दाम सांगितलं, तुम्ही मरावं म्हणून सांगितलं.

वाटलं होतं जीव घेतील. घ्यावा असंही वाटत होतं.

रागावले नाहीत. हेच मला कळेना! अडकित्त्याने सुपारी कातरत होते, कातरत राहिले. मग म्हणाले, "हे बाहेर कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलूही नको. बोललीस तर तुरुंगात तू जाशील, मी नाही. आजपासून मी सांगीन तसं वागायचं."

मी आजवर वागत नव्हते का तसं?


१ एप्रिल

पोलिसांनी चौकशी सुरू केली. चूक कुणाची? मालकाची की ड्रायव्हरची? ह्यांचं ठरलं आहे — नाथा सकाळीच ताडी प्यायला होता, लॉरी भरधाव नेली. साक्षीदार मी. घरातून निघताना त्याच्या तोंडाला वास येत होता, असं मी सांगायचं.

"तुझं अक्षर चांगलं आहे. जबानी तूच लिही," म्हणाले.

नाथा ताडीला शिवत नाही. माळकरी आहे तो.

लिहिली. सुवाच्य लिहिली. काना-मात्रा चुकले नाहीत. ह्यांनी तळाशी बोट ठेवलं, तिथे सहीची जागा सोडली. सही ठाण्याला, जमादारांपुढे करायची.

माझ्याइतकी नीच बाई ह्या कल्याणात नसेल.


५ एप्रिल

बायजा आली होती. नाथाची बायको. कोपरहून चालत. काखेत लहान मुलगी. दारात उभी राहून म्हणाली, "वयनींना बोलवा. वयनींना ठावं हाय तो पीत नाय."

मी आतल्या खोलीत, दाराच्या मागे. तिचा श्वास ऐकू येत होता इतकी जवळ. सासूबाई म्हणाल्या, "ती बरी नाही. आणि तुझ्या नवऱ्याने आमचा ट्रॅक्टर मोडला, तो कोण भरून देणार?"

"त्याचा पाय गेला बाय," बायजा म्हणाली. रडली नाही. नुसतं सांगितलं.

"एक आहे ना अजून," सासूबाई म्हणाल्या.

मी बाहेर आले नाही. बायजाने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग मुलीला म्हणाली, चल.

सासूबाई हल्ली माझी ट्रंक उपसतात. वही पोटाशी बांधून ठेवते.


९ एप्रिल

हे नवा ट्रेलर बघायला ठाण्याला जाऊन आले. चार चाकी, ब्रेकवाला. तोच, नाथाला आवडलेला. "चांगली चीज आहे," म्हणाले. ट्रॅक्टर दुरुस्तीला टाकला आहे. पावसाच्या आत कळव्याची जमीन नांगरायची.


११ एप्रिल

मनाला समजावते — सही केली की संपलं. नाथाला शिक्षा फार होणार नाही, पाय नसलेल्या माणसाला कोण डांबून ठेवतो? त्याच्या घरी गुपचूप काहीतरी पाठवीत जाईन. मी तुरुंगात गेले म्हणून त्याचा पाय थोडाच येणार आहे?

किती छान समजावता येतं मला.


१६ एप्रिल

ठाणे स्टेशनच्या बाकावर बसून लिहिते. कल्याणच्या दोन गाड्या गेल्या. जमादारांनी तूर्त जाऊ दिलं आहे, बोलावतील तेव्हा यायचं; मी बसले आहे.

आज जबानीवर सही करायला आणलं होतं. हे बाहेर कुणा वकिलाशी बोलत उभे. आत बाकावर माझ्या शेजारी वखारीतला दगडू मिस्त्री. ट्रेलर विकला म्हणून त्यालाही बोलावलेलं. माझ्याकडे बघेना. मग हळूच म्हणाला, "बाई, माझ्यावर राग धरू नका. ट्रेलर न्यायला आले त्या दिवशीच मी साहेबांना दोनदा सांगितलेलं. वीस हंड्रेडवेट म्हणजे एकच टन. हा सव्वा टन घालाल तर सपाटीला एखादवेळ चालेल, पण उतारावर मोडणार. साहेब म्हणाले, उतारावर मी कशाला जातोय."

दहा फेब्रुवारी. त्या दिवसापासून ह्यांना सगळं ठाऊक. ट्रेलरचं. आणि माझं. म्हणूनच उताराच्या दिवशी पोटात कळ आली, आणि लॉरी नाथाच्या हाती.

आत जमादारांनी माझा कागद पुढे सरकवला. मी तो फाडला. म्हटलं, "दोन माणसांचे गुन्हे सांगायचे आहेत. लिहून घ्या."

त्यांनी टाक दौतीत बुडवला. "आधी कुणाचा?"

"माझा."